अनेकांच्या हातून जाणारा ॲनिमेशनपट: पार्श्वचित्रांसाठी क्रिता, ध्वनीसाठी रीपर

चित्रकलेच्या किंवा ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरची परीक्षणे बहुधा एकट्या कलाकाराच्या सोयीच्या बाजूने लिहिलेली असतात. ब्रश हाताला किती हलका लागतो, पडदा किती झटपट प्रतिसाद देतो, किंमत किती आहे, एवढ्यावर त्यांचा निकाल लागतो. अनेकांनी मिळून करायच्या ॲनिमेशन लघुपटात हे प्रश्न मागे पडतात आणि वेगळाच प्रश्न पुढे येतो. एकाने निम्म्यावर सोडलेले काम दुसऱ्याच्या संगणकावर त्याच रंगांत, त्याच थरांसह (थर म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले सुटे, पारदर्शक पापुद्रे), त्याच मापांत उघडते का, आणि पहिल्याला फोन न लावता दुसऱ्याला ते पुढे नेता येते का? चित्रांसाठीचे क्रिता आणि ध्वनीसाठीचे रीपर या दोन साधनांचे हे परीक्षण मुख्यतः याच प्रश्नाला धरून केले आहे.

आमचा गट फोंडा, डिचोली, पेडणे आणि पणजी असा विखुरलेला आहे. त्यात निवृत्त चित्रकला शिक्षक असलेले एक सर आहेत, पणजीतल्या अल्तिनो टेकडीवरच्या कला महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आहे आणि जत्रेतल्या नाटकांना वर्षानुवर्षे साथसंगत करणारे, सगळे ज्यांना काका म्हणतात असे एक गृहस्थ आहेत. लघुपटाची कथा लहानशी आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी एक मुलगी आजोबांचे घुमट हे मातीचे वाद्य छत्रीखाली जपत, भर पावसात फेरीबोटीने नदी ओलांडून मामाच्या घरी आरतीसाठी पोचवते. संवाद अगदी मोजके असल्यामुळे कथेचा बराचसा भार ठिकाणावर, म्हणजे मागच्या चित्रांवर आणि कानावर पडणाऱ्या आवाजांवर आला. हलत्या पात्रांचे काम दुसऱ्यांकडे होते. पार्श्वचित्रे आणि ध्वनी यांची जुळणी माझ्याकडे होती, आणि पुढचे सारे विवेचन तेवढ्यापुरतेच मर्यादित आहे.

क्रिता हे केडीई या मुक्त सॉफ्टवेअर समुदायातून वाढलेले, जीपीएल या वापराची आणि बदलाची मोकळीक देणाऱ्या परवान्याखाली मिळणारे चित्रकलेचे साधन आहे. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते आणि त्याच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते. स्टीम किंवा मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन दुकानातून घेतल्यास पैसे मोजावे लागतात. हौशी गटाच्या दृष्टीने यातली मोठी गोष्ट फुकटपणा ही नव्हे. गटात ऐनवेळी नवा माणूस आला तर परवान्यांची मोजदाद न करता, कोणाची चोरटी प्रत न वापरता, त्याच दिवशी त्याला तेच साधन तीच आवृत्ती धरून देता येते. मासिक वर्गणीच्या सॉफ्टवेअरमध्ये हे जमत नाही, आणि मग गटातला निम्मा वेळ कोणाकडे काय उघडते आणि काय उघडत नाही याच्या चर्चेत जातो.

पार्श्वचित्रे अनेकांनी रंगवायची म्हटली की पहिला पेच रंगांचा येतो. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत चौघांना रंगवायला दिली तर चार तांबडे रंग परत येतात, कारण गोव्यात प्रत्येकाला आपल्याच गावचा चिरा खरा वाटतो. त्यातही कोरडा चिरा, पावसात भिजून काळवंडलेला चिरा आणि श्रावणात शेवाळ चढलेला चिरा हे तीन निराळे रंग आहेत, आणि कथा एकाच दिवसात घडत असल्यामुळे आम्हांला त्यातला दुसरा आणि तिसराच हवा होता. क्रितात रंगपट्टी चित्राच्या फाइलमध्येच साठवता येते, त्यामुळे चित्र जिथे जाईल तिथे त्याचे रंगही सोबत जातात. ब्रश, पोत, रंगपट्ट्या आणि पडद्याची मांडणी हे सारे एका गठ्ठ्यात बांधून देण्याची सोयही आहे. क्रिता त्याला ‘बंडल’ म्हणते. सरांनी ओल्या चिऱ्यासाठी, माडाच्या झावळ्यांसाठी आणि कौलांच्या कडांसाठी असे थोडेच ब्रश निश्चित केले, त्यांचे बंडल सर्वांना पाठवले आणि त्याबाहेरचा ब्रश वापरायचा नाही असा नियम घातला. चित्रकारांना हे जाचक वाटते, पण निरनिराळ्या हातांनी काढलेली घरे एकाच वाड्यातली वाटावीत यासाठी दुसरा खात्रीचा उपाय मला दिसत नाही.

चिऱ्याच्या पोतासाठी क्रिताची ‘रॅप अराउंड’ ही सोय विशेष उपयोगी आहे. ती चालू केल्यावर चित्राची डावी कड उजवीला आणि वरची खालच्या कडेला जोडली गेल्यासारखी दिसते, म्हणजे एका कडेवरून बाहेर गेलेला फटकारा समोरच्या कडेतून आत येतो. अशा रीतीने रंगवलेला लहानसा तुकडा कितीही लांब भिंतीवर शिवण न दिसता पसरवता येतो. मात्र चिऱ्याची छिद्रे एकाच जागी पुन्हापुन्हा आली की भिंत कापडावरच्या छापासारखी दिसू लागते. म्हणून पसरवलेल्या पोतावर ओल, शेवाळ आणि पागोळ्यांचे ओघळ हाताने रंगवावे लागतात, आणि खरे सांगायचे तर भिंतीला जीव येतो तो त्या शेवटच्या हातानेच.

सामायिक कामासाठी क्रिताचा सर्वांत मोलाचा गुण मात्र ‘फाइल लेयर’ हा आहे, आणि त्याची चर्चा फारशी होताना दिसत नाही. या थरात चित्र प्रत्यक्ष नसते. तो बाहेरच्या दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवतो, आणि ती फाइल बदलली की थरातले चित्रही बदलते. आम्ही मुलीचा, छत्रीचा आणि घुमटाचा मापाचा नमुना एका फाइलमध्ये ठेवला आणि प्रत्येक पार्श्वचित्रात तो फाइल लेयर म्हणून घेतला. त्यामुळे दाराची चौकट, फेरीबोटीचा कठडा, तुळशीवृंदावनाचा ओटा हे सारे मुलीच्या उंचीच्या हिशेबात रंगवले गेले. पात्रांच्या गटाने मुलीची छत्री मोठी केली तेव्हा पार्श्वचित्रकारांना कोणी काही कळवण्याची गरज पडली नाही. पुढच्या वेळी चित्र उघडल्यावर छत्री मोठी झालेली त्यांना दिसली आणि ओसरीचा छपराकडचा भाग त्यांनी वर उचलला. या सोयीची एक अट आहे. बोट दाखवलेली फाइल जागेवर असली पाहिजे. एखाद्याने आपल्या संगणकावर फोल्डरचे नाव बदलले की धागा तुटतो. म्हणून संपूर्ण प्रकल्पाचे एकच मूळ फोल्डर आणि आतली ठरलेली मांडणी सर्वांकडे जशीच्या तशी हवी. आम्ही त्यासाठी सिंकथिंग हे मुक्त साधन वापरले. ते मधल्या कोणत्याही सर्व्हरवर फाइली न ठेवता संगणकांमध्ये थेट देवाणघेवाण करते. दोघांनी एकाच वेळी एकच फाइल बदलली तर ते दोन्ही प्रती ठेवते आणि एकीच्या नावात संघर्षाची खूण घालते, पण दोन चित्रे एकत्र करण्याची जादू त्याच्याकडे नाही. क्रितातही एकाच चित्रावर दोघांनी एकाच वेळी काम करण्याची सोय नाही. त्यामुळे एका वेळी एका फाइलचा एकच धनी, हा नियम माणसांनीच पाळायचा असतो.

यथार्थदर्शनासाठीची (पर्स्पेक्टिव्हसाठीची) सहायक रेषांची साधने उत्तम आहेत. एकबिंदू, द्विबिंदू, समांतर रेषा असे प्रकार त्यात आहेत, ब्रश त्यांना चिकटवून चालवता येतो, आणि या रेषा चित्राच्या फाइलमध्येच साठवल्या जातात. जुन्या घराच्या खोलीचा आराखडा एकाने लावून दिला आणि आतले सामान दुसऱ्याने रंगवले तरी बाक, पाळणा आणि तुळया एकाच क्षितिजाला जाऊन मिळतात. याच खोलीत शिंपल्यांच्या तावदानांची एक खिडकी आहे. तिच्याविषयी थोडे सांगण्याचा मोह आवरत नाही. शिंपल्याच्या पातळ चकत्यांतून उजेड आत येतो पण बाहेरचे काही दिसत नाही, त्यामुळे खिडकीबाहेरचे अंगण रंगवण्याचे काम वाचते आणि खोलीत दुधाळ, सावल्या न पाडणारा प्रकाश मिळतो. अशा प्रकाशापुढे पात्र ठसठशीत उठून दिसते. पार्श्वचित्राचे काम पात्राला जागा करून देणे हे आहे, स्वतःकडे लक्ष वेधणे नव्हे. ती खिडकी हे काम मुकाट्याने करते.

कॅमेरा सरकत असताना जवळच्या वस्तू वेगाने आणि दूरच्या मंद गतीने सरकल्या की सपाट चित्राला खोली येते, म्हणून प्रत्येक दृश्य तीन-चार पातळ्यांत तोडावे लागते. नदीच्या दृश्यात पुढे फेरीबोटीचा कठडा, मग पाणी, त्यामागे काठावरचे माड आणि सर्वांत मागे ढगांत बुडालेले डोंगर अशा पातळ्या होत्या. क्रितासोबत येणारी, थर वेगवेगळ्या पीएनजी चित्रफाइलींत काढून देणारी, पायथन भाषेत लिहिलेली जोडणी येथे फार कष्ट वाचवते. थरांची नावेच फाइलींची नावे होतात, म्हणून थराला दृश्य, शॉट आणि पातळी या क्रमाने नाव देण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी. आणखी एक गोष्ट विसरू नये ती अशी की माडांच्या मागे झाकलेला डोंगरही पूर्ण रंगवावा लागतो, कारण माड सरकले की तो उघडा पडतो. ज्यांनी आजवर फक्त स्थिर चित्रे काढली आहेत त्यांना ही सवय लागायला वेळ लागतो.

संगणकाच्या ताकदीचा हिशेब आधीच करून ठेवावा. ३८४० गुणिले २१६० पिक्सेलच्या पूर्ण भरलेल्या एका थराला रंग आठ बिटांत नोंदवल्यास सुमारे ३३ मेगाबाइट आणि सोळा बिटांत सुमारे ६६ मेगाबाइट स्मृती लागते. चाळीस थर झाले की सोळा बिटांत हा आकडा अडीच गिगाबाइटच्या पुढे जातो, आणि आठ गिगाबाइट रॅमचा जुना लॅपटॉप धापा टाकू लागतो. थराचा रिकामा भाग जवळजवळ काहीच जागा खात नाही, ही त्यातली दिलाशाची बाब. मग सोळा बिट कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर संध्याकाळच्या आभाळात आहे. आठ बिटांत प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात. ढगाळ आभाळात वरून खालपर्यंत जेमतेम तीस पायऱ्यांचा फरक असला आणि तो १०८० पिक्सेलच्या उंचीवर पसरला, तर प्रत्येक पायरीचा ३६ पिक्सेलचा पट्टा होतो आणि मोठ्या पडद्यावर तो डोळ्यांना दिसतो. आम्ही आभाळ आणि पाणी सोळा बिटांत केले, बाकी सारे आठ बिटांत. शेवटी व्हिडिओ आठ बिटांचाच होणार असल्यामुळे आभाळावर बारीक दाण्याचा एक थरही टाकावा लागतो, नाहीतर घालवलेले पट्टे परत येतात.

क्रिताच्या उणिवा सांगायच्या तर मजकुराचे साधन हे त्याचे बलस्थान नव्हे. देवनागरी नामावली, दुकानावरची पाटी, घरावरचे नाव हे सारे आम्ही इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये करून चित्र म्हणून आणले. त्याच्या टाइमलाइनवर ध्वनीची फाइल जोडून हालचाल जुळवता येते, पण ते ध्वनिसंपादन नव्हे. फोटोशॉपच्या पीएसडी स्वरूपात चित्र देता-घेता येते. तरीही क्रिताचे स्वतःचे काही थरप्रकार आणि थरांवर लावायचे मुखवटे (मास्क) त्या प्रवासात टिकत नाहीत, म्हणून बाहेरच्या कोणाला काम द्यायचे असेल तर साधे, सपाट थर द्यावेत. मोठ्या कॅनव्हासवर रंग मिसळणारे ब्रश मोठ्या आकारात जड चालतात. ‘इन्स्टंट प्रिव्ह्यू’, म्हणजे आधी कमी बारकाव्याचे चित्र दाखवण्याची सोय, चालू केल्याने थोडा उतारा पडतो. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा आपोआप जतन होण्याचे अंतर सेटिंगमध्ये जाऊन कमी करून घ्यावे.

आता ध्वनीकडे वळतो. रीपर हे कॉकॉस या कंपनीचे बहुपदरी, म्हणजे प्रत्येक आवाज वेगळ्या पदरावर (ट्रॅकवर) ठेवणारे, ध्वनिमुद्रण आणि संपादनाचे सॉफ्टवेअर आहे. चित्राच्या बाबतीत सर्वांकडे एकच साधन असावे असा आमचा आग्रह होता, ध्वनीत तो ठेवला नाही. मुद्रण ज्याला जसे जमेल तसे करायचे, पण जुळणी रीपरमध्येच, असे ठरले. त्याचे कारण पुन्हा तेच, काम हातोहात जाण्याचे. रीपरच्या प्रकल्पाची फाइल साध्या मजकुराची असते, आकाराने अगदी लहान असते आणि ध्वनीच्या फाइली तिच्याच फोल्डरमध्ये ठेवल्या तर प्रकल्प दुसऱ्या संगणकावर जसाच्या तसा उघडतो. जतन करताना बाहेरून आणलेले सारे आवाज प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये उतरवून घेण्याचा पर्याय आहे. तो कायम चालू ठेवावा. प्रतिध्वनी, समतोल (उंच-खालच्या स्वरांचे प्रमाण), कॉम्प्रेशन (लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी करणे) यांसाठी सोबत येणारीच साधने वापरावीत हा आमचा दुसरा नियम होता, कारण एकाने कुठूनतरी आणलेले प्लगइन, म्हणजे जोडसाधन, दुसऱ्याकडे नसले की तो आवाज उघडा पडतो. रीपरसोबत येणारी साधने दिसायला रुक्ष आहेत, पण कामाला कुठेच कमी पडत नाहीत.

ॲनिमेशनच्या ध्वनीसाठी रीपरचा निर्णायक गुण हा की ते व्हिडिओ दाखवते. ऑडॅसिटी हे मोफत ध्वनिसंपादनाचे साधन आहे; ती शिकायला कितीतरी सोपी आहे आणि संवाद किंवा सुटे आवाज स्वच्छ करायला पुरेशी आहे, पण तिच्यात चित्र दिसत नाही, आणि चित्र न पाहता पावलांचे आवाज जुळवणे म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणे. प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये सेकंदाला २४ फ्रेम आणि आवाजाचे ४८,००० नमुने, म्हणजे ध्वनिलहरीची तितकी मोजमापे, हे दोन आकडे ठरवले की प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला बरोबर २,००० नमुने येतात. हाच हिशेब संगीताच्या सीडीच्या ४४,१०० या दराने केला तर १,८३७.५ असा अर्धवट आकडा येतो. म्हणून घुमटापासून बेडकांपर्यंत सारे मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट याच मापात करावे असे सर्वांना बजावून ठेवले होते. ध्वनी करणाऱ्याला चित्राची पूर्ण दर्जाची फाइल देऊ नये. लहान आकाराची, कोपऱ्यात फ्रेमचा क्रमांक छापलेली आणि नावात आवृत्ती घातलेली प्रत द्यावी. चित्रात दहा फ्रेम वाढल्या की पुढचे सारे आवाज दहा फ्रेम सरकवावे लागतात. रीपरमधले ‘रिपल एडिट’ हे काम सर्व पदरांवर एकदम करते, आणि हे नसते तर आमच्या काकांनी मध्येच हात जोडले असते.

पावसाचा आवाज हा या लघुपटाचा पाया होता. इंटरनेटवर पावसाचे आवाज ढीगभर मिळतात. बार्सिलोनाच्या विद्यापीठातून सुरू झालेल्या फ्रीसाउंडवर तर ते परवान्यासह मिळतात, आणि त्यातला कोणता आवाज श्रेय देऊन वापरायचा, कोणता व्यावसायिक कामात चालत नाही हे प्रत्येकापुढे लिहिलेले असते. तरीही परक्या पावसामागे परके पक्षी आणि परके बेडूक असतात. डिचोली-सत्तरीकडे पावसाळ्याच्या पहाटे शीळकरी कस्तूर जशी लांबट शीळ घालतो तशी कुठल्याही तयार संग्रहात आपसूक मिळणार नाही, आणि मिळाली तरी तिच्यामागे आपल्या कौलांवरचा पाऊस नसेल. आम्ही हातात मावणाऱ्या रेकॉर्डरने निरनिराळे पाऊस टिपले: मंगळुरी कौलांवरचा, माडाच्या झावळ्यांवरचा, अंगणात साचलेल्या पाण्यातला, छत्रीवरचा, आणि फेरीबोटीच्या पत्र्यावरचा. रीपरमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र पदर दिला. मुलगी ओसरीवरून अंगणात आली की कौलांचा पदर मागे जातो आणि छत्रीचा पुढे येतो. कॅमेरा कुठेही असो, आपण मुलीच्या छत्रीखाली आहोत असे प्रेक्षकाला वाटते ते या अदलाबदलीमुळे.

पावसाची एक तांत्रिक अडचण चित्र आणि ध्वनी या दोघांनाही सारखीच छळते. पावसाचा आवाज सर्व कंपनांवर पसरलेल्या गोंगाटासारखा असतो आणि काढलेला पाऊस म्हणजे पडदाभर वेगाने बदलणाऱ्या बारीक रेषा. या दोन्ही गोष्टी दाबून लहान करणे संगणकाला अवघड जाते. फाइल इंटरनेटवर चढवली की आवाज खरखरीत होतो आणि चित्राचे चौकोन दिसू लागतात. यावर दोन्हीकडे एकच तोड निघाली. चित्रात पावसाच्या रेषा थोड्या, जाड आणि पुढच्या पातळीवर ठेवल्या. आवाजात सतत चालणारा सरसर आवाज दबता ठेवून पागोळ्यांचे, पन्हाळीचे, पानांवरून ओघळणाऱ्या थेंबांचे सुटे आवाज पुढे आणले. पाऊस कमी झाला, पण जास्त भिजवणारा वाटू लागला.

फेरीबोटीचे मुद्रण पणजीच्या काठावर करण्यात अर्थ नाही. तिथे पुलावरची वाहतूक आणि मांडवीतल्या कसिनोंचे संगीत मागे लागते. मांडवीतल्या दिवाडी बेटाच्या धक्क्यावर भल्या पहाटे बरे जमते. इंजिनाची धडधड, उतरत्या फळीच्या साखळ्यांचा खणखणाट आणि फळी काँक्रीटला टेकतानाचा घासटा आवाज असे तीन वेगळे भाग टिपावेत. इंजिनाचा लहान तुकडा पुन्हापुन्हा वाजवला तर कान तो लगेच ओळखतो, म्हणून किमान एखाद मिनिटाचा सलग तुकडा घ्यावा आणि त्याची टोके एकमेकांत विरघळवून जोडावीत. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एका फ्रेममध्ये साधारण १४ मीटर. पैलतीरावर २८० मीटरवर उभ्या असलेल्या बोटीचा भोंगा चित्रापेक्षा वीस फ्रेम उशिरा ऐकू येतो. खूप लांबच्या दृश्यात हा उशीर ठेवला तर नदी रुंद वाटते, जवळच्या दृश्यात तोच जुळणीतला दोष वाटतो. रीपरमध्ये आवाज एकेक फ्रेमने सरकवून हे कानाने ठरवता येते.

घुमटाने मात्र सर्वांची परीक्षा घेतली. मातीच्या या वाद्याच्या मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले असते आणि लहान तोंड उघडे असते. ते उघडे तोंड हाताने कमीजास्त झाकून वादक नाद वळवतो. पूर्वी त्यासाठी घोरपडीचे कातडे वापरत. वन्यजीव कायद्याने त्याला बंदी आहे आणि आता बकऱ्याचे वापरतात. चामड्याच्या बाजूला मायक्रोफोन ठेवला तर बोटांचा आघात स्वच्छ येतो पण घुमारा येत नाही, लहान तोंडाशी ठेवला तर नुसता घुमारा येतो. दोन मायक्रोफोन ठेवून दोन पदरांवर मुद्रण केले की दोन्ही मिळतात, मात्र दोघांपर्यंत नाद थोड्या फरकाने पोचत असल्यामुळे एकत्र करताना तळाचा नाद कधीकधी नाहीसा होतो. रीपरमध्ये प्रत्येक पदराला फेज उलटवण्याचे, म्हणजे ध्वनिलहर वरची खाली करण्याचे, बटण आहे, आणि एक पदर मिलिसेकंदांनी मागेपुढे करता येतो. या दोन्हींच्या मदतीने नाद परत भरून येतो. मुद्रणाची पातळी शिखराला उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावी (शून्याच्या वर आवाज फाटतो), कारण आरतीच्या भरात वादकाचा हात कुठे जाईल हे त्यालाही माहीत नसते. मोबाइलच्या लहानशा स्पीकरवर तळाचा नाद ऐकूच येत नाही, म्हणून त्यात थोडे वरचे स्वरांश मिसळणारे सॅच्युरेशन आम्ही दिले. काकांना ते अजूनही पटलेले नाही, आणि मोठ्या सभागृहापुरते त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

रीपरसोबत येणारे ‘रिआव्हर्ब’ हे प्रतिध्वनीचे साधन खऱ्या जागेचा ठसा घेऊन चालते. रिकाम्या सभामंडपात परवानगी घेऊन फुगा फोडायचा, तो आवाज आणि त्याचा विरत जाणारा घुमारा मुद्रित करायचा आणि ती फाइल या साधनाला द्यायची. मग घरात मुद्रित केलेली आरती त्याच मंडपात म्हटल्यासारखी ऐकू येते. चित्रात जी जागा सरांनी चुन्याच्या भिंती आणि लाकडी खांबांसह रंगवली, तीच जागा कानांनाही मिळाली. जागेचा ठसा घेताना पंखे बंद करायला विसरू नये.

रीपरविषयी तक्रार करायची तर पहिल्यांदा उघडल्यावर ते माणसाला घाबरवते. मेनूंच्या आत मेनू आहेत आणि एकच काम करण्याच्या अनेक वाटा आहेत. आमच्या गटात प्रत्येकाला लागणाऱ्या मोजक्या आज्ञांचा एक कागद काढून द्यावा लागला. दुसरी अडचण बाहेर काम देताना येते. व्यावसायिक मिश्रणाच्या स्टुडिओत प्रो टूल्स हे ध्वनिसॉफ्टवेअर असते आणि त्याला हवे असणारे एएएफ स्वरूप, म्हणजे प्रकल्प एका साधनातून दुसऱ्यात नेण्याची फाइल, रीपर स्वतः देत नाही. अशा वेळी संवाद, पार्श्वध्वनी, सुटे परिणाम आणि संगीत अशा चार गटांच्या, सगळ्या एकाच क्षणी सुरू होणाऱ्या वेव्ह फाइली द्याव्यात. लघुपटाला त्या पुरतात.

किमतीचे सांगायचे तर रीपर ६० दिवस सर्व सोयींसह वापरून पाहता येते. त्यानंतर वैयक्तिक वापरासाठी किंवा लहान उत्पन्नाच्या व्यवसायासाठी ६० डॉलर आणि मोठ्या व्यवसायासाठी २२५ डॉलर असा परवाना आहे. मुदत संपली तरी ते चालायचे थांबत नाही, फक्त उघडताना आठवण करून देत राहते; या सौजन्याचा गैरफायदा घेणारे पुष्कळ आहेत, पण श्रेयनामावलीत नाव घालून लघुपट महोत्सवाला पाठवणाऱ्या गटाने तरी जुळणी करणाऱ्या संगणकापुरता परवाना घ्यावा. ज्यांना पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरच हवे त्यांच्यासाठी आर्डर आहे. तेही व्हिडिओ दाखवते, त्याचा स्रोत खुला आहे, आणि तयार प्रतीसाठी आपल्या ऐपतीप्रमाणे पैसे देता येतात. लिनक्सवर सरावलेला कोणी गटात असेल तर मी तेच सुचवीन. ज्या गटाला केवळ कथनाचा आवाज आणि एखादे गाणे जोडायचे आहे त्यांनी या दोन्हींच्या वाटेला न जाता ऑडॅसिटी घ्यावी आणि वाचलेला वेळ क्रितातल्या भिंतींवर शेवाळ चढवण्यात घालवावा.